रुक्मा सांगे

माझी बायको वारली आणि त्यानंतर कवयित्री झाली. जिवंत होती तेव्हा ती नुसती रुक्माबाई होती. बचत गटाच्या बैठकीत सगळ्यांत मोठ्यानं बोलणारी, गल्लीतल्या कुणाच्याही भांडणात न बोलावता शिरणारी, आणि माझ्या चहात साखर कमी घालून वर "गोड शे ना?" असं विचारणारी. कविता हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. ती म्हणायची, 'गानं'.

ती कवयित्री आहे हे मला प्राची मॅडमकडून कळलं. मॅडम जळगावच्या एका कॉलेजात मराठी शिकवतात. आपल्याकडचे लोक गाण्याबद्दल बोलताना जे शब्द वापरतात, चाल, टेक, कडवं, झील, त्यांचा त्या कोश करतायत. म्हणजे लोकांनी बोलायचं आणि त्यांनी अर्थ लिहायचा. उन्हाळ्यातल्या एका सकाळी त्या पाचोऱ्याला गाडीतून उतरल्या, विचारत विचारत आमच्या गल्लीत आल्या, दारात जय भीम केला आणि म्हणाल्या, "आबा, रुक्माबाई बिऱ्हाड्यांचं घर हेच ना?"

तिला जाऊन दुसरा उन्हाळा चालला होता. तिच्या नावानं घर विचारत तोवर कुणी आलं नव्हतं. मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मी तुसडा होतो.

"हेच. काय काम आहे? मी देवचंद. तिचा नवरा."

"म्हणजे कवयित्रीचे पती!" मॅडम म्हणाल्या. त्यांना इतका आनंद झाला होता की मी आत जाऊन पाणी आणलं.

मला कोड्यात बोलायचा कंटाळा आहे, म्हणून जे आहे ते आत्ताच सांगून टाकतो. ती गाणी मी केली. सगळीच्या सगळी.

मी सरकारी ऑफिसात कारकून होतो. कोणत्या ते सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. ऑफिस सुटलं की आमची गायन पार्टी. मी गायचो, मगन ढोलकी वाजवायचा, आणि मागं तिघंचौघं झील धरायला. झील म्हणजे गाणाऱ्यानं ओळ टाकली की तीच उचलून परत म्हणणारे. आमच्यात अशी रीत आहे की गाण्याच्या शेवटच्या कडव्यात करणाऱ्याचं नाव यायलाच पाहिजे. तिला छाप म्हणतात. छाप नसलेलं गाणं बेवारस. कुणीही उचलावं आणि आपलं म्हणून गावं.

पण माझी गाणी गुळमुळीत नव्हती. त्यांत गावोगावचे पुढारी होते, साहेबलोक होते, साहेबलोकांच्या बायकांची कामं करणारे शिपाई होते. स्वतःचं नाव घालून ती गायली असती तर माझी बदली सातपुड्याच्या पायथ्याला कुठंतरी झाली असती. म्हणून मी छापेत बायकोचं नाव घातलं. 'रुक्मा सांगे.' नाव दोनच अक्षरांचं, कुठल्याही चालीत बसतं. साहेबांनी एकदा मला बोलावून विचारलंही, "काय हो बिऱ्हाडे, ही रुक्मा कोण?" मी म्हणालो, "असेल साहेब, जुन्या काळची कुणी." साहेबांनी मान हलवली. जुन्या काळच्या माणसावर कारवाई करता येत नाही.

त्याच भीतीनं कागदावरही मी एक ओळ ठेवली नाही. ऑफिसला सायकलवर जाता-येता ओळी जुळवायच्या आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर रुक्माला म्हणून दाखवायच्या. माझं डोकं म्हणजे चाळणी. तिनं एकदा ऐकलं की संपलं, कायमचं पाठ. एखादा शब्द ती बदलायची. मी रागवायचो, मग तोच ठेवायचो. पण भाजीत चिमूटभर मीठ टाकणारा काही भाजीचा धनी होत नाही, एवढं तरी कुणीही कबूल करेल.

गाणी पसरली ती मात्र तिच्यामुळं. आम्ही पार्टीवाले जयंतीला, वास्तुशांतीला, नामकरणाला गायचो आणि लोक ऐकून विसरायचे. रुक्मानं ती गल्लीतल्या पोरींना शिकवली. पोरींची लग्नं झाली, आणि गाणी त्यांच्याबरोबर सासरी गेली. कुणी एरंडोलला, कुणी शिरपूरला, कुणी पार वरणगावला. प्राची मॅडमना पहिलं गाणं मुक्ताईनगरच्या एका हळदीत सापडलं. बायका गात होत्या आणि शेवटी येत होतं, 'रुक्मा सांगे, ऐका व बाया, पोरीस्ले शायमा धाडा.' पोरींना शाळेत पाठवा. मॅडमनी विचारलं, ही रुक्मा कोण? एकीनं दुसरीचं नाव सांगितलं, दुसरीनं तिसरीचं, असं करत त्या आमच्या दारापर्यंत आल्या.

मॅडमनी मोबाइल आमच्या दोघांच्या मधे ठेवला आणि विचारलं, "आबा, रुक्माबाई चाल कशाला म्हणायच्या?"

"चाल म्हणजे चाल. गाण्याची."

"आणखी काही?"

आणखी होतंच. चाल म्हणजे तिचं चालणंही. उजवा पाय जरा ओढून टाकायची. गल्लीच्या तोंडाशी आली की मला घरात बसून कळायचं. शिवाय चाल म्हणजे लबाडी. मी कधी भाजीचं कौतुक केलं की कमरेवर हात ठेवून विचारायची, "काय चाल शे आज तुम्हनी?" हे मी मॅडमना सांगितलं आणि त्या हसल्या. घरात कुणी हसलं की भिंतींनाही कळतं की काय कोण जाणे, मला तरी तसं वाटलं.

"आणि टेक?"

टेक म्हणजे ध्रुवपद. प्रत्येक कडवं हिंडून फिरून जिच्यावर परत येतं ती ओळ. टेक म्हणजे आधारही. शेवटच्या वर्षात तिला खाटेवरून उठताना टेक लागायचा आणि तो माझ्या खांद्याचा असायचा. दम म्हणजे गाताना जिथं श्वास घ्यायचा ती जागा. शिकलेले लोक तिला यती म्हणतात असं मॅडमनी सांगितलं. मी म्हणालो, म्हणोत बापडे, आमच्याकडं दमच. दम मधेच तुटला की ओळ पडते. रुक्माला शेवटी दम लागायचा तो वेगळा. दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघरापासून दारापर्यंत यायला तिला मधे थांबावं लागायचं, आणि थांबली की माझ्याकडं बघून म्हणायची, "आठे दम लेवाना." इथं श्वास घ्यायचा. जणू काही गाणंच चाललंय.

मॅडम 'पद' या शब्दावर आल्या तेव्हा मी पुढचा शब्द विचारला. पद म्हणजे गाणं आणि पद म्हणजे हुद्दा. माझा हुद्दा एवढासा होता, आणि त्या एवढ्याशा पदापायी माझी सगळी पदं दुसऱ्याच्या नावावर गेली. हे काही कोशात घालण्यासारखं नव्हतं.

मी असा शब्दाशब्दाला सांगत होतो, आणि मॅडम प्रत्येक वेळी विचारत होत्या, "म्हणजे रुक्माबाईंच्या लेखी असं, ना?" आधी मला बरं वाटत होतं. मग बोचायला लागलं. सांगतोय कोण? तोंड कुणाचं चाललंय?

निघताना त्यांनी खरी गोष्ट काढली. जळगावला त्या राहतात त्या भागातल्या बायकांनी वाचनालय काढलं होतं. त्याला कवयित्री रुक्माबाई बिऱ्हाडे यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. पाटी रंगवून तयार होती. उद्घाटनाला मी यायचं, सत्कार घ्यायचा.

"आबा, माझ्या कोशात गाणी करणाऱ्यांची इतकी नावं आहेत," मॅडम म्हणाल्या, "पण त्यांत बाई एकच सापडली. रुक्माबाई."

आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं. मी म्हणालो, "मॅडम, ती गाणी... मी..."

"तुम्ही गायचात. माहितीये मला! काय आवाज होता म्हणतात तुमचा." त्यांनी माझा हात हातात घेतला. "त्यांचे शब्द तुम्ही लोकांपर्यंत नेलेत, आबा."

त्या गेल्या आणि मी दार लावून घेतलं. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. फोटोशी बोलणाऱ्यांतला मी नाही. आम्हाला मूलबाळ नाही. 'गाणी हीच तुमची लेकरं' असं कुणी म्हटलं की मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते, कारण लेकरू म्हातारपणी फोन तरी करतं. पण ती गाणी माझी होती. आयुष्यभर कुणाच्या तरी सह्यांसाठी फायली पुढं सरकवल्या, त्या सगळ्यात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. आणि कुणीतरी एकानं, फक्त एकानं, 'देवचंद, हे तुझं' असं म्हणावं एवढंच मला पाहिजे होतं. पाटी रुक्माचीच राहू दे. पाटीशी माझं भांडण नव्हतं.

असं म्हणू शकणारा एकच माणूस उरला होता. झील धरणारे सगळे गेले. मगन तेवढा धुळ्याला मुलाकडं राहतो. मी एसटीनं धुळ्याला गेलो. भडगाव, पारोळा, सगळीकडं गाडी थांबत गेली आणि मी मनातल्या मनात वाक्य तयार करत गेलो. मगनला काही मोठं करायचं नव्हतं. मॅडमना फोन लावून द्यायचा आणि त्यानं दोन शब्द बोलायचे.

मगन देवपुरात दोन खोल्यांच्या घरात खाटेवर बसला होता. डोळे अधू झालेत, कान चांगले आहेत. माझा आवाज ऐकून त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, काम झालं. त्याची सून सारिका चहा ठेवायला गेली. इकडचं तिकडचं झालं आणि मी विचारलं, "मगन, येक सांग. आपला गाना कोन करे?"

"कोन म्हंजे? वहिनी."

मला वाटलं तो थट्टा करतोय. "आरे, रुक्मा?"

"मंग काय तू?" मगन हसायला लागला. "तुले त दुसरं कडवं याद नही ऱ्हाये. चाल बसाडाले बठूत तव्हय वहिनी आतमाईन शब्द सांगे, आन तू मोठा तोंड करीसन म्हने." चाल बसवायला बसलो की वहिनी आतून शब्द सांगायची आणि मी मोठं तोंड करून म्हणायचो, असं त्याचं म्हणणं.

"आरे बाबा, मी तिले आधी सांगेल ऱ्हाये. सायकलवर जुळाडू, घर इसनी तिले सांगू. ती पाठ करे."

मगन हसायचा थांबला. त्याची बोटं खाटेच्या लाकडावर वाजत होती, तीही थांबली. तो अगदी हळू म्हणाला, "देवचंदभाऊ, आते ती नही शे, त तिना गाना तू लेवाले निंघना का?"

ती नाही, तर तिची गाणी घ्यायला निघालास का. सारिका चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. मगन खोटं बोलत नव्हता. बाहेरच्या खोलीत ढोलकी घेऊन बसलेल्या माणसाला आतून रुक्माचा आवाज आणि पुढं माझा आवाज, एवढंच ऐकू आलं होतं. त्यानं ऐकलं तेच सांगितलं. मी चहा प्यायलो, त्याच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि निघालो. निघताना त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "वहिनीनी आठवन येस ना? मालेबी येस."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मला एक गोष्ट स्वच्छ कळली. ती गाणी कुणाची हे जगात दोघांनाच माहीत होतं. त्यांतली एक गेली. आता मी एकटाच म्हणतो, आणि एकट्यानं म्हटलेलं खरं की खोटं हे ठरवायलाही दुसरं माणूस लागतं. बायको गेली तेव्हा लोक म्हणाले होते, देवचंद आता एकटा पडला. तेव्हा पडलो नव्हतो. त्या दिवशी पारोळ्याच्या स्टँडवर पडलो.

घरी आल्यावर मला ते गाणं आठवलं. आठवलं असं तरी कसं म्हणू, रोज सकाळी मी ते म्हणतच होतो. ती गेल्यावर माझ्याकडून एकच गाणं झालं. पाठ करून ठेवणारं कुणी नाही, म्हणून विसरू नये यासाठी मी ते दात घासल्यावर एकदा म्हणून घेतो. कुणाला ऐकवलेलं नव्हतं. छापही घातली नव्हती.

च्या उकयस, वाफ निंघस, कप मातर येक,
आते कोनासंगे बोलू.
कडी वाजस, मी उठस, दारमा नुसता वारा,
आते कोनासंगे बोलू.

ते म्हणता म्हणता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे गाणं तरी रुक्माचं आहे असं कोण म्हणणार? ती गेली म्हणून तर ते झालं. जळगावला सगळ्यांसमोर हेच गायचं. शेवटी माझं नाव घालायचं, आता कुठला साहेब मला विचारायला येतोय? जुन्या गाण्यांबद्दल एक चकार शब्द काढायचा नाही. लोक हे ऐकतील, आणि ऐकून ज्याला कळायचं त्याला कळेल की हाच हात त्याही गाण्यांचा आहे. निदान मॅडमना कळेल. त्यांचा धंदाच तो आहे.

छापेला मी बसलो आणि तीन दिवस झगडलो. माझं नाव ओळीत मावेना. 'देवचंद सांगे' म्हटलं की ढोलकीचा ठेका पुढं निघून जायचा आणि मी मागं. सारा जन्म मी ओळीत दोन अक्षरांएवढीच जागा ठेवत आलो होतो, हाताला तीच सवय. 'देवा सांगे' करून पाहिलं, तर ते देवळातल्या देवासारखं वाटायला लागलं. शेवटी म्हटलं, मावत नाही तर कोंबू. 'देवचंद सांगे, घर मोठं व्हयनं, मानूस व्हयना थोडा.' घर मोठं झालं आणि माणूस उणा झाला. पहिला शब्द घाईनं म्हणून टाकायचा, एवढंच. आरशासमोर उभा राहून मी ते घोटलं.

उद्घाटनाच्या दिवशी मॅडम स्वतः जळगाव स्टेशनवर घ्यायला आल्या. रिक्षात त्यांनी मला कार्यक्रम सांगितला आणि मी त्यांना म्हणालो की मला एक गाणं गायचंय, कुणी न ऐकलेलं. त्यांनी माझा हात घट्ट दाबला.

वाचनालय म्हणजे समाजमंदिराची एक बाजू. लोखंडी कपाटं, त्यांत पुस्तकं, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायकांनी सगळी जागा भरली होती. भिंतीवर रुक्माचा फोटो. बचत गटाच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून लावलेला. फोटो काढणाऱ्यावर ती त्या वेळी चिडलेली होती आणि आता सगळ्या वाचनालयावर चिडल्यासारखी बघत होती. त्रिशरण झालं, पंचशील झालं, पाटीवरचा पडदा निघाला. एका पाहुण्यांनी रुक्माबाईंच्या शब्दकळेवर भाषण केलं. 'कवयित्रीचे पती' असं म्हणून मला पुढं बोलावलं, शाल दिली, पुस्तक दिलं. मी ते घेतलं आणि गालातल्या गालात हसत राहिलो. मनात म्हणत होतो, थांबा जरा.

मग बायकांनी 'दिवा लाव व माय, उंबरा अंधारमा शे' हे गाणं म्हटलं. मी केलं होतं तेव्हा ते 'घर अंधारमा शे' असं होतं. रुक्मानं घराचा उंबरा केला. मी विचारलं होतं, का? ती म्हणाली होती, घरात अंधार असला तर घरचे धडपडतील, उंबऱ्यावर असला तर येणाराही पडेल. त्या दिवशी मी तिच्याशी भांडलो होतो. जळगावला ते शंभरएक बायकांच्या तोंडून ऐकलं आणि वाटलं, घर म्हटलं असतं तर हे गाणं आमच्या गल्लीबाहेरही गेलं नसतं.

माझी पाळी आली. एका पोरीनं ढोलकी घेतली. पुढच्या रांगेतल्या बायका म्हणाल्या, "आबा, तुम्ही म्हना, झील आम्ही धरतो." मी सुरू केलं. आवाज फाटका झालाय, पण पहिल्या ओळीला सगळं शांत झालं. 'कप मातर येक' म्हटलं आणि मागून कुणीतरी नाक ओढल्याचं ऐकू आलं. 'आते कोनासंगे बोलू' ही टेक बायकांनी अशी उचलली की मला वाटलं, माझी पार्टी परत आली. मगन सोडून सगळे. मी दुसरं कडवं टाकलं, त्यांनी उचललं. मग छाप आली. मी छाती भरून घेतली आणि म्हणालो,

देवचंद सांगे, घर मोठं व्हयनं, मानूस व्हयना थोडा.

आणि झील उठली,

रुक्मा सांगे, घर मोठं व्हयनं, मानूस व्हयना थोडा.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू गेलं नाही. मी परत म्हणालो, मोठ्यानं. 'देवचंद' अगदी सुटं करून. ढोलकीवाली पोरगी ठेक्यात चुकली. बायकांना वाटलं म्हातारा अडखळला, ओळ विसरला. मला सांभाळून घ्यायला म्हणून त्यांनी आणखी जोर लावला. रुक्मा सांगे. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांनी आजवर म्हटलेल्या प्रत्येक गाण्यात त्या जागी तेच नाव आलं होतं. जीभ आपोआप तिकडं वळली, आणि ओळ ठेक्यात चपखल बसली.

तिसऱ्या वेळी मी तोंड उघडलं आणि माझ्यातून आवाज निघाला नाही. मला संताप आला होता. हे एवढं एकही मला ठेवू नये? मी तसाच उभा राहिलो आणि बायका माझ्यासाठी थांबल्या नाहीत. त्यांनी गाणं परत पहिल्यापासून धरलं. च्या उकयस. कप मातर येक. कडी वाजस, दारमा नुसता वारा. रुक्मा सांगे, आते कोनासंगे बोलू.

मी प्रथमच ते गाणं ऐकत होतो. म्हणणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

कोजागिरीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे पार अक्षय्य तृतीयेपर्यंत, आमची पार्टी बाहेर असायची. सुट्टी आली की मी निघालो. कधी चोपडा, कधी साक्री, कधी कुठलं तरी नाव न आठवणारं खेडं. लोक हार घालायचे, जेवू घालायचे, आणखी एक होऊ द्या म्हणायचे. घरात मूल नव्हतं. त्या दोन खोल्यांत ती होती, कप एक होता आणि कडी वाजली तर वारा होता. मी आलो की ओळी म्हणून दाखवायचो आणि ती पाठ करायची. तिला काही म्हणायचं आहे का, हे मी कधी विचारलं नाही. गल्लीतल्या पोरींना बोलावून ती गाणी शिकवायची, ते मला तिचं वेड वाटायचं. तिला घरात माणसांचे आवाज पाहिजे होते, बाकी काही नाही. हे मला त्या खुर्च्यांच्या रांगांसमोर, अंगावर शाल घेऊन उभं असताना कळलं, आणि मला रडू आवरलं नाही. बायकांना वाटलं, बायकोच्या आठवणीनं रडतोय. तेही खरंच होतं.

गाणं संपलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्राची मॅडम पुढं आल्या. त्यांचा चेहरा ओला होता आणि हातात मोबाइल तसाच चालू होता.

"आबा," त्या म्हणाल्या, "हे गाणं कुणाकडंच नाही. हे त्यांनी कधी केलं?"

सगळी जागा माझ्याकडं बघत होती. भिंतीवरून ती पण बघत होती, चिडलेली.

"मी पार्टीबरोबर बाहेर गेलो की करायची," मी म्हणालो. "घरी एकटीच असायची."

मॅडमनी मान हलवली आणि ते लिहून घेतलं.